शनवारी दवाखान्याची दहा माणसं

दिमोना, ८ फेब्रुवारी १९९८

प्रिय मिलका मावशी,

शालोम. तुझ्या पत्राला वर्ष होत आलं आणि मी उत्तर दिलं नाही. तेव्हा आधी मनसोक्त शिव्या देऊन घे, मग पुढे वाच.

डिसेंबरात मी गिरणीतून निवृत्त झालो. दिवसभर तुझ्या सूनबाईच्या, सिम्हाच्या, पायात पायात येतो, असं तिचं म्हणणं आहे. तिनेच मला कामाला लावलंय. येत्या नोव्हेंबरात आपल्या दवाखान्याला पंचाहत्तर वर्षं होतील. आमच्या इथल्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये मी परवा सांगितलं की आपल्या आज्या-पणज्यांनी कोल्हापुरात स्वतः दगड वाहून दवाखाना बांधला. तर एकाने विचारलं, दवाखाना की किराणा दुकान? मला राग आला. मग वाटलं, चूक त्याची नाही. त्याला कोणी सांगितलंच नाही. म्हणून मी दवाखान्याचा इतिहास लिहिणार आहे. मराठीतच लिहीन, मग कोणीतरी हिब्रूत करेल. माझं मराठी गंजलंय, पण तू दुरुस्त करशील. कोणी बांधला, का बांधला, पहिला पेशंट कोण, लोक त्याला शनवारी दवाखाना का म्हणतात, सगळं लिहून पाठव.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुझे यजमान, आमचे एझ्राकाका, गेले तेव्हा कोल्हापुरात आपल्या ज्यू लोकांतले सहाच पुरुष उरले होते, आणि प्रार्थनेला लागतात ते दहा नाहीत म्हणून मृतासाठीचा कद्दीश म्हटला गेला नाही, हे आईने मला मरेपर्यंत सांगितलं. मी ठरवलंय. नोव्हेंबरात मी दहा माणसं घेऊन येतो. भाड्याची नाहीत, दवाखाना बांधणाऱ्या, पाटीवरच्या अकरा घराण्यांतलीच. त्याच खोलीत उभं राहून काकांचा कद्दीश म्हणू. तू पोह्यांचा मलिदा कर. पोहे इस्रायलमध्येही मिळतात, पण तुझ्या हाताची चव येत नाही.

तुझा,
रहमिम

•

कोल्हापूर, १ मार्च १९९८

चि. रहमूस,

शिव्या राखून ठेवल्या आहेत, समोर आलास की देईन.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा झुंबरबाईला वाचून दाखवलं. ती आमची जुनी आया, निवृत्त होऊनही रोज येते, कारण घरी सुनेशी पटत नाही. ती म्हणाली, "दहाच बाप्ये का? नऊ आलं तर द्येव रुसतोय व्हय?" मी सांगितलं, आमच्यात नऊ राजे आले तरी मोजत नाहीत, दहा चांभार पुरतात. तिला ते फार आवडलं.

आता इतिहास. १९१८ च्या तापात तुझा पणजोबा इसाजी चेऊलकर रेल्वेत गार्ड होता. त्याची बायको घरातच गेली, गावात एकाही दवाखान्यात खाट रिकामी नव्हती. सुतक संपल्यावर तो माझ्या आजोबांकडे आला आणि म्हणाला, रडून झालं, आता काय करायचं? अकरा घरं होती आपली तेव्हा. गार्ड, ओव्हरसियर, पोस्टातले, एक मिस्त्री. पाच वर्षं दर रविवारी त्यांनी दगड वाहिले. १९२३ च्या नोव्हेंबरात बारा खाटा लागल्या. पहिली पेशंट जयसिंगपूरच्या हमालाची बायको, अडलेली. आपल्यातलं कोणी पहिलं नव्हतं, याचा इसाजीला अभिमान होता. शनिवार आपला विसाव्याचा दिवस, तेव्हा ऑपरेशन नाही आणि स्वयंपाक शुक्रवारी करून ठेवलेला, म्हणून शनवारी दवाखाना. बाळंतिणी मात्र शनिवार पाळत नाहीत, म्हणून तो वॉर्ड सातही दिवस उघडा.

दहा माणसांची गंमत तुला माहीत आहे का? १९३१ साली एकाने निम्मी जागा कापसाच्या जिनिंगवाल्याला द्यायचा घाट घातला, आणि चहाच्या दुकानात बसून तिघांच्या सह्याही मिळवल्या. तेव्हा म्हाताऱ्यांनी ट्रस्टच्या कागदात लिहून टाकलं: पाटीवरच्या घराण्यांतले दहा पुरुष दवाखान्यातल्या प्रार्थनेच्या खोलीत जमतील, प्रार्थना करतील आणि मग बहुमताने ठरवतील, तरच दवाखाना बंद करता येईल, विकता येईल किंवा हलवता येईल. नाहीतर एक वॉर्डसुद्धा मोडायचा नाही. देवासमोर दहा जण उभे असताना लबाडी सुचत नाही, अशी त्यांची समजूत. भाबडी माणसं. पण त्यामुळेच तुम्ही सगळे निघून गेलात तरी दवाखाना राहिला. सदुसष्ट सालापासून इथे दहा पुरुष जमलेच नाहीत. आता तर मी एकटी उरले आणि मी बाई, म्हणजे मोजदादीत शून्य.

विश्वजितला तुमच्या येण्याचं सांगितलं. आपले जुने हेडक्लार्क गणपतराव, त्यांचा हा मुलगा, आता कमिटीचा सेक्रेटरी आहे. माझ्याच हातावर जन्मला, पायाळू. त्याला एवढा आनंद झाला की आठवड्यात दोनदा येऊन विचारून गेला, नक्की किती जण?

तू खरंच दहा आणशील? एझ्राला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. मी कोणाकडे मागितलं नव्हतं, कारण मागून न मिळणं मला जमत नाही.

मिलका मावशीचे आशीर्वाद

•

दिमोना, २० एप्रिल १९९८

प्रिय मावशी,

सात झाले. माझ्यासकट. किहीमकरांचे दोघे, तळकर, अश्दोदचे भाऊ, आणि लोदमधला तो बस चालवणारा सॅमसन, ज्याला तू लहानपणी देवी टोचल्यावर तो तुला चावला होता. तो म्हणतो, माफी मागायला येतो.

विश्वजितरावांचा फोन आला होता. फार अदबीने बोलतात. मुंबईहून गाडी, राहायची सोय, सगळं ते बघणार. मला बरं वाटलं, तुझ्याजवळ कोणीतरी आहे.

इकडे आमच्या हॉलचं छप्पर गळतं. पेसाखच्या सणाच्या प्रार्थनेला आम्ही बादल्या ठेवल्या होत्या. पण ते असो. इतिहासाची दहा पानं झाली.

रहमिम

•

कोल्हापूर, २ जून १९९८

श्री. रहमिम चेऊलकर यांस,

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र पोचले. आपल्या पूर्वजांनी लावलेल्या रोपाची सेवा करण्याचे भाग्य माझ्या वडिलांना व मला लाभले, ही आमची पुण्याई. आपण सर्वांनी यावे, ही नम्र विनंती.

फोनवर बोलल्याप्रमाणे प्रत्येकाने आपले वडील व आजोबा यांच्या नावाचा दाखला सोबत आणावा. केवळ सत्कारात नावे बिनचूक यावीत म्हणून. दहापेक्षा कमी मात्र येऊ नये. प्रवासात एखाद्याची प्रकृती बिघडते, तेव्हा अकरा-बारा असल्यास उत्तम.

आपल्या हॉलसंबंधी बोलणे झाले, ते माझ्या पूर्ण लक्षात आहे. दोन्हीकडच्या समाजाचे भले व्हावे एवढीच इच्छा. ट्रस्टचा मूळ कागद मी फ्रेम करण्यासाठी आपल्या मावशींकडून, म्हणजे आमच्या मेट्रनबाईंकडून मागून घेतला आहे, तो सुरक्षित आहे.

एक गोष्ट जड मनाने लिहितो. मेट्रनबाई आम्हा सर्वांना आईसारख्या आहेत. परंतु वयोमानाने त्यांना अलीकडे विसर पडतो व क्वचित मनात नसत्या शंका येतात. त्यांच्या पत्रात काही वेडेवाकडे आले तर मनावर घेऊ नये. त्यांचे पुढचे दिवस आपल्यासारख्या आप्तांजवळ जावेत, असे मला मनापासून वाटते.

आपला नम्र,
विश्वजित गणपतराव

•

कोल्हापूर, १२ जुलै १९९८

चि. रहमूस,

पाऊस लागलाय. गुडघे बोलतात, बाकी मी ठीक.

गेल्या महिन्यात एक्स-रेचं मशीन दुरुस्तीला गेलं, आलं नाही. मग बाळंतिणींचा वॉर्ड रंगवायला म्हणून बंद केला. चार आठवडे झाले, मी रोज जाऊन बघते, रंगाचा डबासुद्धा आत गेलेला नाही. काल शिरोळची एक पोर कळा देत आली, तिला दारातून परत पाठवलं. नव्या वॉचमनने. जुना आकाराम कुठे गेला, विचारलं तर म्हणतात, गावी.

सोमवारी झुंबरबाई धापा टाकत आली. "बाई, मागल्या अंगाला फक्की मारून गेल्यात. कबड्डीचं मैदान आखत्यात तशी. तुमच्या खोलीच्या मधनंच रेघ गेलीया." मी जाऊन पाहिलं. पांढरी रेघ दवाखान्यामागच्या विहिरीपासून निघून माझ्या क्वार्टरच्या ओट्यावर चढून पलीकडे उतरली होती. पावसाने धुतली, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारली.

विश्वजितला बोलावलं. तो आला, पाया पडला, खुर्चीच्या कडेवर बसला. मी विचारलं, हे काय?

"काय न्हाई मेट्रनबाई, पावण्यांसाठी मांडव घालायचाय. मापं घेतली."

"माझ्या स्वयंपाकघरात मांडव?"

तो हसला. म्हणाला, "तुमी कशाला तरास करून घेताय? तुमी नुसतं नोव्हेंबरची वाट बघा की. काकांचा कद्दीश हुतोय, ह्येच्याइतकं पुण्य कुठलं?" त्याने कद्दीश हा शब्द अगदी नीट उच्चारला. मी त्याला तो कधी शिकवला नव्हता.

पायाळू माणसाला जमिनीखालचं दिसतं म्हणतात. याला जमिनीवरचं दिसत नाही.

रहमू, पुस्तकात दहा माणसांच्या अटीबद्दल लिहू नकोस. लिहिलं असशील तर खोडून टाक. किती जण झाले ते कळव. उगाच विचारते.

मिलका

•

दिमोना, १६ ऑगस्ट १९९८

प्रिय मावशी,

दहा झाले. तिकिटं काढली. १३ नोव्हेंबरला मुंबई, १५ ला रविवारी सकाळी प्रार्थना.

तू काळजी फार करतेस. म्हातारपणी एकटं राहिलं की असं होतं, सिम्हाच्या आईचंही झालं होतं. रंगकाम लांबतं, मशीनं बिघडतात, मांडवाला मापं लागतात. विश्वजितराव भले गृहस्थ आहेत. त्यांच्याशी उगाच वाकडेपणा घेऊ नकोस.

खरं सांगू का, मी आणि सिम्हा बोललो. आमच्याकडे बाल्कनीची खोली रिकामी आहे. दहाच माणसं येतात, पण परतताना अकरा असावीत असं मला वाटतं. दवाखान्याने आपलं काम केलं, मावशी. पंचाहत्तर वर्षं थोडी नाहीत. आता तिथे आपलं कोण आहे?

अटीबद्दलचं पान काढून टाकलंय.

रहमिम

•

कोल्हापूर, १० सप्टेंबर १९९८

रहमू,

हे पत्र मी ऑफिसच्या टपालात दिलेलं नाही. झुंबरबाई मोठ्या पोस्टात जाऊन टाकणार आहे. ते तुझ्या हाती पडलं की कोणाला दाखवू नकोस.

दहा आणू नकोस, नऊ आण.

मी खुळी झालेली नाही. आजही वॉर्डातल्या प्रत्येक खाटेचा नंबर आणि तिच्यावरच्या माणसाचं दुखणं मला तोंडपाठ आहे. चाळीस खाटांपैकी आता नऊ भरलेल्या आहेत, म्हणून ते आणखी सोपं. विश्वजितला दवाखाना मोडून जागा विकायची आहे. त्यासाठी त्याला तुमची दहा डोकी त्या खोलीत हवी आहेत, आणि त्यांतली सहा त्याच्या बाजूने. ती कोणती, हे मला माहीत नाही. तुझ्या पत्रातून काही नावांचा वास येतो, पण मी ते लिहीत नाही. मी बाई आहे, मला मत नाही, मला उभं राहून नाही म्हणता येणार नाही. म्हाताऱ्यांनी दहा माणसांचं कुलूप घातलं आणि तू किल्ल्या गोळा करून आणतो आहेस.

आता माझं पाप ऐक. हे मला जुलैतच कळलं होतं. फक्की माझ्या ओट्यावर चढली त्या दिवशीच. तरी मी तुला स्पष्ट लिहिलं नाही. दोन महिने गप्प बसले. का, तर मला तो कद्दीश ऐकायचा होता. एझ्रा या दवाखान्यात तीस वर्षं औषधं कुटत होता, आणि त्याला पुरताना आम्ही नुसते उभे राहिलो. शिपायाच्या कुत्र्याला पुरतात तसं. मला वाटायचं, एकदा ऐकू दे, मग मेला तो दवाखाना. रोज सकाळी तसं वाटायचं, आणि रोज वॉर्डात गेलं की लाज वाटायची.

काल ती शिरोळची पोर मला बाजारात भेटली. मूल राहिलं नाही. रिक्षातच झालं. तिने मला ओळखलं आणि नमस्कार केला.

नऊ आण. मी मलिदा करीन, आपण जेवू, बोलू, आणि एझ्रा आहे तसाच राहील.

मिलका

•

दिमोना, २९ नोव्हेंबर १९९८

प्रिय मावशी,

परत येऊन आठ दिवस झाले. कोणी माझ्याशी बोलत नाही. सिम्हा बोलते, पण तेही जेवायला वाढू का एवढंच.

तू सगळं समोर पाहिलंस, पण एक गोष्ट तुला दिसली नाही, ती सांगायलाच हवी. त्या सकाळी तुझं सप्टेंबरचं पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं. ते मला २५ सप्टेंबरला मिळालं होतं. मी उत्तर दिलं नाही आणि कोणाला थांबवलंही नाही. कारण तुझ्या हिशेबातल्या सहांपैकी एक मी होतो. विश्वजितने आम्हाला नवा हॉल बांधून द्यायचं कबूल केलं होतं, एप्रिलच्या त्या फोनवरच. मला वाटलं, तिकडे रिकाम्या खाटा आणि इकडे गळकं छप्पर. तुला इकडे आणू, तुला हवा तो काकांचा कद्दीशही होईल, सगळ्यांचंच भलं. तू म्हातारी झालीस, असं मानणं मला सोयीचं होतं.

मग आपण त्या खोलीत उभे राहिलो. दहा जण. तू बायकांच्या बाजूला, अंगावर तुझी पांढरी साडी, मेट्रनची. विश्वजित दारात रजिस्टर घेऊन वकिलाबरोबर. मी पुस्तक उघडलं. काकांचं नाव घेण्यासाठी तोंड उघडणार, तेवढ्यात तू पुढे आलीस आणि म्हणालीस, "रहमू, तुझं पोट दुखतंय. बाहेर जा."

मी म्हटलं, माझं पोट दुखत नाही. तू म्हणालीस, "इथली मेट्रन मी आहे का तू?"

लोक हसले. मी हसलो नाही. तुझा चेहरा पाहिला.  सत्तावीस वर्षं जे मागितलं नाहीस, ते चार शब्दांवर आलं होतं, आणि तू स्वतःच ते थांबवत होतीस. मी पुस्तक मिटलं आणि नळापाशी जाऊन उभा राहिलो. मागून किहीमकरांनी शिव्या घातल्या. विश्वजित माझ्यामागे आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "राहू द्या पावणं. पुन्हा जमतील की दहा. कारण निघतंच."

माझ्या पाठीवर त्याने थोपटलं. मला अजून तिथे ओलं ओलं वाटतं.

मला क्षमा कर असं लिहायचं धाडस नाही.

रहमिम

•

कोल्हापूर, ३ जानेवारी १९९९

रहमू,

मूर्खा, खिशात पत्र होतं हे मला माहीत होतं. इस्त्रीला कोट टाकलास तेव्हा झुंबरबाईने खिसे तपासले. ती वाचू शकत नाही, पण माझं पाकीट ओळखते. म्हणून मी दुसऱ्या कोणाला नाही, तुलाच बाहेर काढलं. दुसरा कोणी गेला नसता.

ठराव झाला नाही, म्हणून वॉर्ड उघडावा लागला. रंग न लावताच. परवा तिथे जुळं झालं. आकारामही परत आलाय. गावी वगैरे गेला नव्हता, त्याला घरी बसवलं होतं.

डिसेंबरातल्या पत्रात तू लिहितोस, काकांसाठी दिमोनात कद्दीश म्हटला, आणि मुंबईहून कोणतीही दहा माणसं नेऊन इथेही म्हणता येईल. येईल. पण भाड्याने आणलेले लोक एझ्राचं नाव कागदावर वाचतील. मला ते नको. तू दिमोनात म्हटलास, तेवढं त्याला पोचलं असेल तर पोचलं.

विश्वजित मात्र बदललाय. आता रोज सकाळी माझ्या दारात येतो, तब्येत विचारतो. पूर्वी विचारत नव्हता. डॉक्टरांकडून माझ्या ब्लडप्रेशरचा कागद मागून नेला. ओट्यावर धरून चालायला नळी बसवून दिली. झुंबरबाई म्हणते, "सुधारला बगा."  एवढी काळजी माझी माझ्या नवऱ्यानेही घेतली नव्हती.

मला तुझा राग आहे. पत्र लिहीत जा.

मावशी

•

कोल्हापूर, ११ फेब्रुवारी २००३

चि. रहमू,

अक्षर वाकडं येतंय, समजून घे. मी सात नंबरच्या खाटेवर आहे. पोटात पाणी झालंय. किती दिवस ते मी डॉक्टरांना विचारत नाही, कारण त्यांच्यापेक्षा जास्त मरणं मी पाहिली आहेत. चार-सहा आठवडे.

विश्वजितने सगळ्यांना कळवलंय. मला न विचारता. किहीमकर, तळकर, अश्दोदचे, लोदचा सॅमसन, ठाण्यात परत येऊन राहिलेले तिघे. मेट्रनबाईंचं शेवटचं दर्शन घ्या म्हणून. येण्या-जाण्याचं सगळं तो बघणार. प्रार्थनेची खोली धुऊन घेतली, खुर्च्या मांडल्या. आपल्यात शव आधी त्या खोलीत ठेवतात आणि प्रार्थना होते, हेही त्याला ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी म्हणाला होता ना, कारण निघतंच. ते कारण मी आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं.

बाकीच्यांना मी थांबवू शकत नाही. त्यांचा माझ्यावर जीव आहे, म्हणूनच येतील, आणि आल्यावर सही करतील. नऊ होतात. दहावा तू.

तुला यावंसं वाटेल. मला तू इथे हवा आहेस, हे खरं आहे. माझा हात धरायला दुसरं रक्ताचं कोणी नाही. तरी येऊ नकोस. कोणी फोनवर रडलं, कोणी म्हणालं की मावशी तुझंच नाव घेते आहे, तरी येऊ नकोस. मी खरंच घेत असले तरीही.

माझा कद्दीश नको. मला भीती वाटते, रहमू, मरणाची नाही, तशीच जायची. एझ्राला काय वाटलं असेल ते आता कळतं. पण वॉर्डात आज पाच बाळंतिणी आहेत.

तुझी,
मिलका

•

कोल्हापूर, ६ एप्रिल २००३

रहमिमदादा,

नमस्कार. मी झुंबरबाई सांगतो आनि आपल्या शांभवी सिस्टर लिवत्यात. मी सांगतो तसंच लिवा म्हटलंय.

बाई शुक्करवारी सकाळी गेल्या. तरास न्हाई झाला फार. मी हात धरला हुता. तुमचं नाव दोनदा घेतलं, मग झुंबर म्हणाल्या, मग काय न्हाई.

इस्वजित तासाभरात आला. रडला बी, खोटं कशाला सांगू, खरंच रडला. बाईंच्याच हातावर झाल्याला. मग डोळं पुसून फोनवर बसला. तुमची मानसं आठ दिसापास्नं ठाण्यात येऊन थांबल्याली, ती सांजच्यापत्तुर आली. नऊ जण. मी मोजलं, त्यानं बी मोजलं. बाईस्नी त्या खोलीत ठिवलं. तुमच्यात त्याच दिशी पुरत्यात ह्ये मला बाईंनीच सांगितल्यालं. पर त्यो म्हणाला, रहमिमदादा इमानात हायत, थांबा. बर्फाच्या लाद्या आणल्या. मी म्हटलं, दादा येनार न्हाईत. त्यो म्हणाला, "मावशी मेल्यावर कोण येत न्हाई?" तुमाला सारका फोन लावत हुता. आमास्नी ऐकू यायचं, नुसती घंटी वाजत्याली.

दीड दिस. शनवार आक्खा गेला. बर्फाचं पानी व्हऱ्हांड्यातनं पायरीवर यायला लागलं. त्यो दारातच हुबा. हातात त्ये रजिस्टर. मी सारकं पानी पुसत हुतो. शनवारी दिवं लागल्यावर लोदवालं सॅमसनदादा उटलं आनि म्हणालं, "बास. हिनं मला टोचलं तवा मी चावलो हुतो, आता आनी तरास द्यायला नगं." त्यांनी बाईस्नी उचललं, आनि बाकीचं मागनं गेलं. मातीत ठिवलं, आनि समदं गप हुबं राहिलं. कोन काय म्हणालं न्हाई. नऊच हुतं न्हवं. इस्वजित सगळ्यात मागं. जाताना रजिस्टर बंद केलं आनि मला म्हणाला, "आता कोन हाय, झुंबरबाई? आता हितं तुमच्या बाईंचं कोन हाय?" 

वॉर्ड चालू हाय. आज तीन झाल्या, दोन पोरी, एक पोरगा. सिस्टरनी नाव इचारलं तर एकीनं मिलका ठिवलं. कसलं नाव म्हनून तिच्या सासूनं कटकट केली, ठिवलं पर.

दादा, तुमी आला न्हाईसा ह्ये चांगलं केलंसा. तुमास्नी किती जड गेलं आसंल त्ये मला कळतंय. फोन उचलला न्हाईसा त्ये तर लईच.

एक इचारायचं हाय. सगळी गेल्यावर मी परत मातीपाशी गेलो. कोन बी नव्हतं. तुमचं कायतरी म्हणायचं आसतंय त्ये मला येत न्हाई, दहा बाप्ये लागत्यात म्हनं. मी बाई, त्यात तुमच्यातली न्हवं. मी नुसती बसलो आनि रडलो, लई येळ. एवढं चालतं का तुमच्यात? बाईस्नी इचारायचं राहिलं.

झुंबरबाई
(अंगठा)